अशिलाचा राग आणि वकिलाची जबाबदारी: सीमारेषा नेमकी कुठे आखावी?

शमी (धागाकर्ती)
मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. खालील हकिकतीतील तपशील मुद्दाम बदललेले आहेत आणि त्यात एकाहून अधिक प्रकरणांची सरमिसळ केलेली आहे, हे आधीच स्पष्ट करते.

घटस्फोटाच्या दाव्यात माझ्या अशील बाईंनी मुलाच्या ताब्यासाठी अर्ज केला आहे. त्यांच्या पतींनी काही वर्षांपूर्वी नैराश्यासाठी उपचार घेतले होते. त्या उपचारांचे कागद घरातल्या कपाटात राहून गेले होते. बाईंनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि "हे लावा, म्हणजे त्याला मुलगा नजरेसही पडणार नाही," असे सांगितले. न्यायालयातल्या मुलांच्या भेटीच्या खोलीत मी या वडिलांना अनेकदा पाहिले आहे. तिथल्या बुटक्या खुर्च्यांवर बसता येत नाही म्हणून ते सरळ फरशीवर मांडी घालून बसतात आणि निघताना मुलाच्या बुटाची नाडी बांधायला मुद्दाम वेळ लावतात. हा माणूस मुलाला अपायकारक आहे, असे मला कोठेही दिसलेले नाही.

अडचण दुहेरी आहे. अशिलाची सूचना आणि माझी विवेकबुद्धी परस्परविरोधी आहेत, हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग असा की, रात्री 11 वाजता फोन करून "ताई, तुमच्याशिवाय मला कोणी नाही," म्हणणाऱ्या या बाईंना मी नकार दिला, तर तो त्यांना कायदेशीर सल्ला वाटणार नाही, विश्वासघात वाटेल. शिवाय अलीकडे मला त्यांचा वैताग येतो आणि समोरच्या पक्षाविषयी सहानुभूती वाटते. अशा मनःस्थितीत वकीलपत्र ठेवावे का? साक्षीपुरावा सुरू झालेला आहे, हेही लक्षात घ्यावे.

निरंक
कपाटातले कागद आणि मनातला राग एकाच दिवशी बाहेर पडतात, असा कौटुंबिक न्यायालयाचा अलिखित नियम दिसतो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

तळटीप
कायदा शिकवणारा या नात्याने दोन गोष्टी नोंदवतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांच्या भाग 6 मधील दुसऱ्या प्रकरणात वकिलाची न्यायालयाप्रती, अशिलाप्रती, प्रतिपक्षाप्रती आणि सहव्यावसायिकांप्रती असलेली कर्तव्ये सांगितली आहेत. त्यातल्या न्यायालयाप्रती असलेल्या कर्तव्यांत असे म्हटले आहे की, वकिलाने आपल्या अशिलाला अनुचित मार्गांपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न करावा, तो ऐकत नसेल तर त्याचे काम नाकारावे आणि स्वतःला केवळ अशिलाचे मुखपत्र समजू नये. त्यामुळे "अशील म्हणाले म्हणून लावले" हा बचाव आपल्याच नियमांत बसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. कौटुंबिक न्यायालये अधिनियम, 1984 च्या कलम 14 नुसार एखादा अहवाल किंवा दस्तऐवज पुरावा कायद्याप्रमाणे ग्राह्य ठरो वा न ठरो, वादाचा निर्णय करण्यास तो साहाय्यक ठरेल असे न्यायालयाला वाटले, तर न्यायालय तो स्वीकारू शकते. अन्य न्यायालयांत असे कागद उंबरठ्यावरच अडण्याची शक्यता असते, इथे तो उंबरठाच सखल आहे. त्यामुळे कागद दाखल करायचा की नाही, याचे तारतम्य बऱ्याच अंशी वकिलाच्या टेबलावरच दाखवावे लागते.

जुनाबार
तळटीप यांनी नियमांचा एक भाग सांगितला, मी दुसरा सांगतो. त्याच प्रकरणात असेही म्हटले आहे की, वकिलाने सर्व न्याय्य आणि सन्मान्य मार्गांनी अशिलाचे हित निर्भयपणे जपावे, स्वतःला होणाऱ्या अप्रिय परिणामांची पर्वा करू नये. शमीताई, राग मानू नका, पण भेटीच्या खोलीतल्या काही मिनिटांवरून तुम्ही त्या गृहस्थांना चांगला बाप ठरवून मोकळ्या झालात. बंद दाराआड त्या बाईंनी काय सोसले, हे तुम्ही पाहिलेले नाही. आपण न्यायाधीश नाही. वकील जेव्हा मनातल्या मनात खटला चालवून निकालही देऊन टाकतो, तेव्हा अशिलाला वकीलच उरत नाही.

1820 मध्ये इंग्लंडच्या राणी कॅरोलाइनच्या बाजूने उभे राहताना तिचे वकील ब्रूम यांनी उमरावांच्या सभागृहात जी भूमिका मांडली, तिचा आशय असा होता की, कर्तव्य बजावताना वकिलाला जगात एकच व्यक्ती ठाऊक असते आणि ती म्हणजे त्याचा अशील. ही भूमिका टोकाची आहे, हे मान्य. तरीही ती मुळीच नसली, तर बलवान प्रतिपक्षापुढे दुबळ्या माणसाची बाजू कोण घेणार?

फौजदारीवाला
जुनाबार यांच्याशी सहमत. आमच्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. "गुन्हेगाराची बाजू घेताना तुम्हाला झोप कशी लागते," हे लग्नसमारंभापासून लिफ्टपर्यंत सर्वत्र विचारले जाते. नियम स्पष्ट आहे: आरोपी दोषी आहे की नाही, याविषयी वकिलाचे वैयक्तिक मत काहीही असले, तरी त्याने बचाव करायचा असतो. एखाद्या आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे ठराव वकील संघटना अधूनमधून करतात. ते बेकायदेशीर आणि वकिली व्यवसायाच्या परंपरेला विसंगत आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात 2010 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

भावनेची कसोटी पाहायची असेल, तर 1840 मधील लंडनचा कूर्वाझिए खटला वाचावा. मालकाच्या खुनाचा आरोप असलेल्या नोकराने खटला अर्ध्यावर असताना स्वतःच्या वकिलाकडे कबुली दिली. चार्ल्स फिलिप्स हे त्याचे वकील हादरले आणि प्रकरण सोडण्याच्या विचाराला लागले. सल्ला विचारल्यावर न्यायमूर्ती पार्क यांच्याकडून उत्तर मिळाले की, आरोपीची इच्छा असेल, तर तुम्ही त्याचा बचाव करण्यास बांधील आहात. त्यांनी तो पुढे चालवला. आरोपीला फाशी झाली आणि कबुलीची गोष्ट बाहेर आल्यावर लोकांनी फिलिप्स यांच्यावर वर्षानुवर्षे टीका केली.

शमी
जुनाबार, राग मुळीच नाही. मला काही मिनिटेच दिसली, हे खरे आहे. फौजदारीवाला, तुमचे उदाहरण मात्र माझ्या प्रश्नाला पूर्ण लागू पडत नाही, असे वाटते. तुमच्यासमोर राज्यसंस्था असते, तिच्याकडे पोलीस आहेत, सरकारी वकील आहेत. माझ्या प्रकरणात समोर एक माणूस आहे आणि दोघांच्या मध्ये एक मूल आहे, ज्याचे वकीलपत्र कोणाकडेच नाही. पालक व पाल्य अधिनियम, 1890 पासून न्यायालयाला मुलाचे कल्याण पाहायला सांगितले आहे. मी फक्त अशिलाकडे पाहायचे आणि मुलाकडे पाहण्याचे काम संपूर्णपणे न्यायाधीशांवर सोडून द्यायचे, ही विभागणी मला सोयीची वाटते, प्रामाणिक वाटत नाही.

सहप्रवासी
मी वकील नाही, भूतपूर्व पक्षकार आहे. एका तारखेला माझी उलटतपासणी झाली. समोरच्या वकिलांनी मला अक्षरशः सोलून काढले. तासाभराने खाली आलो, तर तेच वकील आणि माझे वकील एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत उभे होते. माझ्या आयुष्याची राखरांगोळी हा या दोघांचा विनोद आहे, असे मला त्या क्षणी वाटले. पुढचे सहा महिने मी माझ्या वकिलांना एकही गोष्ट मनापासून सांगितली नाही. शमीताईंना अशिलाचा वैताग येतो, हे वाचून मी थोडा अस्वस्थ झालो, ते याच कारणाने. तो वैताग आम्हाला कळतो. तो लपत नाही.

फौजदारीवाला
सहप्रवासी, तुमची वेदना रास्त आहे, पण दुसरी बाजूही ऐका. त्या दोन वकिलांचे संबंध चांगले होते, म्हणूनच कदाचित तुम्हाला सोयीच्या तारखा मिळाल्या असतील, कागद वेळेवर हाती आले असतील आणि तडजोडीचे दार उघडे राहिले असेल. दोन्ही वकील अशिलांइतकेच एकमेकांवर संतापलेले असतील, तर दावा पिढ्यान्‌पिढ्या चालेल. फक्त हा स्नेह अशिलाच्या डोळ्यांदेखत उतू जाऊ नये, एवढे भान आपल्या व्यवसायाला हवे. तेवढे बहुतेकांना नसते.

निरंक
म्हणजे वकिलांनी न्यायालयात भांडावे, बाहेर मैत्री करावी आणि अशील दिसताच पुन्हा भांडण सुरू करावे. यासाठी सनदेबरोबर नाट्यप्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही सक्तीचे करावे, असा ठराव मांडतो.

अनाहत
मी समुपदेशक आहे, त्यामुळे "ताई, तुमच्याशिवाय मला कोणी नाही" या वाक्याकडे येते. संकटातला माणूस आपल्या जुन्या नात्यांतल्या भावना समोर मदतीला उभ्या असलेल्या व्यक्तीवर आरोपित करतो. मानसशास्त्रात याला भावनिक स्थानांतरण म्हणतात. मदत करणाऱ्याच्या मनात त्याला उत्तर म्हणून ज्या भावना उठतात, त्यांना प्रतिस्थानांतरण म्हणतात. शमी यांना वाटणारा वैताग आणि प्रतिपक्षाविषयीची सहानुभूती हा त्याचाच भाग असू शकतो. कोणी आपल्यावर सर्वस्वी विसंबू लागले की जीव गुदमरतो आणि मग ज्याच्यावर ती व्यक्ती रागावलेली असते, तो आपल्याला अकस्मात भला वाटू लागतो.

आमच्या व्यवसायात यावर उपाय म्हणून ज्येष्ठ सहकाऱ्याशी ठरावीक काळाने बोलण्याची पद्धत आहे. वकिलांना अशी कोणतीच व्यवस्था नसते. तुम्ही दिवसभर मारहाण, फसवणूक, मुलांची ओढाताण ऐकता आणि संध्याकाळी पुढच्या तारखेच्या फायली काढता. कौटुंबिक न्यायालये अधिनियमात समुपदेशकांची तरतूद आहे, ती पक्षकारांसाठी आहे. त्यांच्या वकिलांच्या मनाचा विचार त्यात नाही. माझा सल्ला असा की, आधी फोनची वेळ निश्चित करावी आणि ती बाईंना प्रेमाने, पण एकदाच, स्पष्ट सांगावी. अनिर्बंध उपलब्धता म्हणजे आपुलकी नव्हे. कागद दाखल करण्याचा निर्णय रात्रीच्या फोनवर तर मुळीच घेऊ नये.

रेवा
मी त्या बाईंच्या जागी होते, म्हणून लिहिते. माझ्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला आणि "जे जे वाटते ते सगळे लिहून आणा, शिव्यासुद्धा," असे सांगितले. मी अठरा पाने लिहिली. पुढच्या भेटीत त्यांनी ती सगळी माझ्यासमोर वाचली, एकही ओळ न गाळता, आणि मग लाल पेनाने तीन वाक्यांखाली रेघ ओढली. "अर्जात ही तीन जातील. बाकीचे खोटे आहे असे मी म्हणत नाही, पण त्याचे न्यायाधीश काही करू शकणार नाहीत," एवढेच त्या म्हणाल्या. मला भयंकर राग आला होता. पण त्यांनी वाचले होते. बाकी सगळे बाद होण्याचे दुःख त्यामुळे सोसले.

त्या कधी माझ्या मैत्रीण झाल्या नाहीत. निकालानंतर आमचे बोलणेही झालेले नाही. त्या वेळी त्या कोरड्या वाटत. आता वाटते की, माझ्या घरातले सगळेजण माझ्याइतकेच पेटलेले असताना एक तरी माणूस न पेटलेला असणे मला आवश्यक होते.

जुनाबार
रेवाताईंची हकिकत उत्तम आहे. तरीही एक व्यवहाराची बाब सांगतो. अठरा पाने वाचायला वेळ लागतो, आणि तो वेळ किती वकिलांकडे असतो? अशिलाला वाटते की वकील फी घेतो, म्हणजे त्याने दुःखही वाटून घ्यावे. आणि ज्याची फी सर्वांत जास्त थकलेली असते, तोच वकिलाला सर्वांत जास्त "घरचा माणूस" म्हणतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

जाता जाता: निकालावर अवलंबून फी ठरवणे आपल्याकडे निषिद्ध आहे आणि दाव्याच्या कामासाठी अशिलाला पैसे उसने देण्यासही मनाई आहे. हे नियम नुसते आर्थिक नाहीत. दाव्याच्या निकालात वकिलाचा स्वतःचा जीव अडकला, की सल्ला शुद्ध राहत नाही, ही त्यामागची दृष्टी आहे. पैशांनी जीव अडकतो, तसाच तो मायेनेही अडकतो.

बिनतारखेचा
सर्वांची क्षमा मागून एक शंका विचारतो. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने अशा चर्चेत मांडणे कितपत योग्य आहे? तपशील बदलले, तरी उद्या त्या बाईंनी हा धागा वाचला, तर बुटाच्या नाडीवरून त्या ओळखणार नाहीत का?

शमी
शंका योग्य आहे. भेटीच्या खोलीतले वर्णन वेगळ्याच प्रकरणातले आहे आणि उपचारांचे स्वरूपही बदललेले आहे. याहून अधिक खुलासा केला, तर तोच गोपनीयतेचा भंग ठरेल, म्हणून इथेच थांबते.

तळटीप
बिनतारखेचा यांच्या शंकेच्या निमित्ताने: वकील आणि अशील यांच्यातील संवादाचे संरक्षण पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 126 मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. काम संपल्यानंतरही हे बंधन टिकते. बेकायदेशीर हेतू साधण्यासाठी झालेल्या संवादाला मात्र ते संरक्षण नाही.

हे मौन किती जड असू शकते, याचे उदाहरण न्यूयॉर्क राज्यातले आहे. 1973 मध्ये रॉबर्ट गॅरो या आरोपीने आणखी खून केल्याचे आणि मृतदेह कोठे आहेत हे आपल्या दोन वकिलांना सांगितले. त्यांनी जाऊन खात्री केली आणि तरीही मौन पाळले. बेपत्ता मुलीचे वडील त्यांच्यापैकी एकाला येऊन भेटले, तेव्हाही ते काही बोलले नाहीत. पुढे सत्य उघड झाल्यावर समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखेच केले, एकावर फौजदारी आरोपही ठेवले गेले आणि ते टिकले नाहीत. नियमाच्या दृष्टीने ते बरोबर होते. त्या वडिलांच्या दृष्टीने ते कधी बरोबर ठरले असतील, असे मला वाटत नाही, आणि कोणत्याही आचारसंहितेने ही दरी बुजेल, असेही वाटत नाही.

आता मूळ कागदांकडे. जोडीदाराने गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये विभोर गर्ग प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे "हा खासगी कागद आहे" एवढ्या एका हरकतीने हे कागद बाहेर राहतीलच, असे समजू नये. तथापि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चे कलम 3 सांगते की, पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज मानसिक आजार आहे, असे ठरवता येत नाही. म्हणजे कागद आत येईल, पण त्याने सिद्ध काय होईल? उलटतपासणीत बाईंना विचारले जाईल, "उपचार सुरू असतानाच्या काळात तुम्ही मुलाला त्यांच्याकडे ठेवून माहेरी गेला होतात की नाही?" होय म्हटले तर कागद निष्प्रभ, नाही म्हटले तर पुढचा प्रश्न तयार. हे अशिलाला समजावणे म्हणजे तिच्याविरुद्ध जाणे नव्हे. त्यात तिचेच हित आहे.

फौजदारीवाला
हे पटले. दाखल करू नये असे सांगण्यासाठी सद्सद्विवेकबुद्धीची साक्ष काढण्यापेक्षा डावपेचाची भाषा वापरावी, अशील चटकन ऐकतो.

अनाहत
ऐकतो खरा, पण मग उद्या डावपेच उलट बाजूने फायद्याचा दिसला, तर तोच कागद बाहेर काढण्याचे कारणही आपणच देऊन ठेवलेले असते. दोन्ही कारणे सांगावीत, असे माझे मत आहे.

जुनाबार
गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला यांचे प्रकरण लवादाकडे नेऊन मिटवले आणि जिंकलेल्या पक्षालाच हप्त्याने पैसे घेण्यास राजी केले, हे अशा चर्चेत कोणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगून टाकतो. ते दोघे व्यापारी होते आणि वर नातेवाईक. शिवाय त्यांच्यात मुलाचा ताबा नव्हता. पैशांचे हप्ते पडतात, मुलाचे पाडता येत नाहीत.

निरंक
शनिवार-रविवार वडिलांकडे, हे हप्तेच की हो.

शमी
सर्वांचे आभार. मधल्या काळात बाईंशी सविस्तर बोलणे झाले, दिवसाउजेडी आणि कार्यालयात. तळटीप यांनी सुचवलेला उलटतपासणीचा प्रश्न मी त्यांना जसाच्या तसा विचारला. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या की, मुलगा वडिलांकडून परत येतो तेव्हा फार आनंदात असतो आणि एक दिवस तो तिकडेच राहतो म्हणेल, याची त्यांना भीती वाटते. इतक्या महिन्यांच्या फोनमध्ये हे वाक्य कधीच आले नव्हते. मग आम्ही ताब्याच्या अर्जापेक्षा भेटींच्या वेळापत्रकावर अधिक बोललो.

सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. कागद तूर्त दाखल करायचे नाहीत, एवढेच ठरले. ते त्यांनी परत नेले आणि "त्याने माझ्या नोकरीचा विषय काढला, तर मीही हे काढीन," असे बजावले. तसे झाले, तर मी ते काम करणार नाही, हे मी त्यांना त्याच वेळी सांगितले. फोनची वेळ ठरवून दिल्यावर त्या दुखावल्या. वकीलपत्र अजून माझ्याकडे आहे.

जुनाबार
माझे मत बदललेले नाही. तुम्ही त्यांना जे सांगितले, ते पत्राने कळवा आणि प्रतीवर त्यांची सही घ्या. उद्या निकाल विरुद्ध गेला, तर "ताईंनीच कागद दाबले" अशी तक्रार याच बाई करतील. आणि सोडायचेच ठरले, तर सबळ कारण, पुरेशी पूर्वसूचना आणि न्यायालयाची परवानगी, या तिन्हींशिवाय पुरसीस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) देऊन मोकळे होऊ नका. न कमावलेली फीही परत करावी लागते.

सहप्रवासी
जुनाबार, तुमचा सल्ला व्यवहार्य आहे, पण पुढे तुमच्याविरुद्ध वापरता येईल असा कागद वकीलच तुमच्या पुढे सहीला ठेवतो, तेव्हा अशिलाच्या मनात काय येते, तेही सांगून ठेवतो: हा आता माझा राहिला नाही. शमीताई, सही घ्यायचीच असेल, तर ती का घेता आहात, हे आधी सांगा.

माघपौर्णिमा
धागा उशिरा वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझा वकिलावरचा विश्वास उडाला असून मला दुसरे वकील नेमायचे आहेत. आधीचे वकील फी बाकी असल्याचे सांगून कागदपत्रे देत नाहीत आणि ना हरकतही देत नाहीत. अशा वेळी ग्राहक मंचात जाता येते का?

तळटीप
ग्राहक मंचात जाता येणार नाही. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये ठरवले आहे. मात्र थकलेल्या फीसाठी अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 मध्येच स्पष्ट झाले आहे. फी वसूल करण्याचे अन्य कायदेशीर मार्ग त्यांना खुले आहेत. आधी कागदपत्रे परत मागणारे लेखी पत्र पोच घेऊन द्या. तरीही मिळाली नाहीत, तर अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ना हरकत मिळाली नाही, तर नवे वकील कारण नमूद करून न्यायालयाची परवानगी मागू शकतात. पुढची तारीख जवळ असेल, तर तो अर्ज तक्रारीच्या आधी करा आणि दाखल झालेल्या कागदांच्या प्रमाणित प्रती न्यायालयातून काढून घ्या.